आबांची हाळी

दैवशालानं तो गेम परंड्याच्या दोन खोल्यांच्या घरात, दुपारची भांडी झाल्यावर लॅपटॉपवर बसून लिहिला होता. तो चालायचा हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलवर. तो कन्सोल तिनं सोलापुरात शिकत असताना सेकंडहँड घेतलेला. तसल्या यंत्रावर कंपनीचेच गेम चालतात. पण याच्या जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, एक फट राहून गेली होती आणि तिथून आपण लिहिलेला गेमही आत घालता यायचा. अपडेट झाली की फट बुजणार, मग मागं फिरायची सोय नाही. म्हणून ती त्याला वाय-फायच लागू देत नसे.

लग्न झाल्या झाल्या तिनं नवऱ्याला, शिवशंकरला, जवळ बसवून दाखवलं होतं. "अहो, इथं कधी अपडेटचं विचारलं तर होय म्हणू नका हं. माझं सगळं बंद पडंल."

"बरं बाई," तो हसला होता.

गेम मेंढरांचा होता. तिचे वडील बिराप्पा अणदूरचे मेंढपाळ. त्यांची हाळी तिनं माळावर उभं राहून जुन्या मोबाइलमध्ये भरून लॅपटॉपवर घेतली होती. लांडगा दिसला की बटण दाबायचं, हाळी घुमायची आणि कळप वळायचा. असे गेम घरी बसून लिहिणाऱ्यांच्या एका ग्रुपवर तिनं त्याचा व्हिडिओ टाकला, तर परदेशातून विचारणा झाली, हा आवाज कुणाचा? शिवशंकरच्या पतसंस्थेतही तो व्हिडिओ फिरला. तिथला रामहरी सगळ्यांदेखत म्हणाला, "शिवा, बायको लई पुढं गेली की रं तुझ्या." त्या दिवशी शिवशंकर घरी येऊन न जेवता झोपला.

पुढच्या रविवारी बिराप्पा आले. दोन एस्ट्या बदलून, खांद्यावर घोंगडं, डोक्याला नवा पटका. चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले, "दाव बघू पोरी. माझा आवाज आइकायला आलोय."

तिनं कन्सोल चालू केला. गेमचं चित्र दाबलं. पडदा काळा झाला आणि पाटी आली, हा प्रोग्राम सुरू करता येत नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग सेटिंग उघडली. फर्मवेअरचा आकडा नवा होता.

तिनं वर पाहिलं. शिवशंकर दाराला टेकून उभा होता.

"दाखव की," तो म्हणाला. "आबा एवढ्या लांबनं आलेत."

"लॅपटॉप द्या. गेम, व्हिडिओ सगळं त्यातच हाय."

"रामहरीनं नेला न्हाय का काल."

"अपडेट तुमी केली?"

"मला काय कळतंय त्यातलं? तूच हुशार." मग सासऱ्यांकडं वळून तो सावकाश म्हणाला, "आबा, काय सांगू, दिसभर ह्यातच असती. लोकांनाबी सांगत फिरती, म्या असं केलं, तसं केलं. आमी आपलं ऐकून घ्यायचं."

दैवशाला बोलायला गेली, पण फट म्हणजे काय, बुजली म्हणजे काय, हे आबांना कसं सांगावं ते सुचेना. ती नुसतीच बटणं दाबत राहिली. बिराप्पांनी थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडं पाहिलं, मग जावयाकडं, आणि ओशाळं हसले. "मेंढरं कुठं असल्या डबीत मावत्यात व्हय, जावईबापू."

सासरा-जावई दोघंही हसले.

जेवणं झाल्यावर ती त्यांना स्टँडवर सोडायला गेली. बार्शीची गाडी लागली होती. खिडकीतून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जावई गुणाचा हाय. एवढं होऊनबी आवाज चढवला न्हाय. खोटं सांगत जाऊ नगंस, पोरी. त्यांच्याम्होरं माझी मान खाली गेली आज."

"आबा, खोटं न्हाय..."

गाडी हलली. त्यांनी घोंगडं सावरलं आणि तोंड समोर केलं.

घरी आली तेव्हा शिवशंकर पलंगावर पडून त्याच कन्सोलवर क्रिकेट खेळत होता.

"कधी केली अपडेट?"

"काल. तू गिरणीत गेल्तीस तवा." त्यानं मान वर केली नाही. "झ्याक चालतंय आता. चार्जर दे जरा, उतरत आलंय."

तिनं चार्जर दिला.