गादीखाली सापडलेली माशी

गोष्ट १९९४ सालची. मित्रांनो, मी एक जुनी माशी आहे, सैनिक माशी नावाच्या जातीची. प्रयोगशाळेच्या कपाटात टाचणीने टोचलेली. दुखत नाही. काहीच होत नाही.

माझा जन्म एका आजीच्या स्वयंपाकघरात, ओल्या कचऱ्याच्या बादलीत झाला. आजी त्यात साली, देठ, चहाचा चोथा टाकी. आम्ही अळ्या ते रात्रंदिवस खात असू आणि मागे खत उरे. ते कुंड्यांत जाई. कौतुक मात्र फुलांचे होई.

आमची एक रीत आहे. पोट भरले की अळी काळपट होते, खाणे सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधत निघते. मीही निघाले. भिंतीच्या कडेने आजीच्या खोलीत गेले, गादीखाली शिरले. वर आजी होती. ती हलत नव्हती.

आजीची मुलगी दर रविवारी येई. त्या रविवारी तिनेच दार उघडले.

उन्हाळा होता, नुसते प्रेत बघून मृत्यूची वेळ ठरेना. पोलिसांनी आम्हा अळ्यांना चिमट्याने उचलून बाटलीत भरले. तिथेच मला पंख फुटले आणि प्रयोगशाळेत किडे तपासणाऱ्या बाईंनी माझी जात ओळखली.

"सैनिक माशी म्हणजे प्रेतावर उशिरा येणारी पाहुणी," पोलीस साहेब म्हणाले. "आजी सापडली त्याच्या महिनाभर आधीच गेली होती. मुलगी खोटं बोलतेय."

मुलीच्या धाकट्या भावाला तेवढेच हवे होते. "ताई फिरकलीच नसणार. आई उपाशी गेली."

"त्याच्या आदल्याच रविवारी तिचे केस विंचरून गेले होते मी," मुलगी म्हणाली. "तू शेवटचा कधी आलास रे?"

पण पोलीस तिलाच रोज बोलावत राहिले.

बाईंना चैन पडेना. त्यांनी तिला विचारले, "घरात आणखी काही कुजत होतं का?"

"कुजत कशाला? आईची खताची बादली होती. वाससुद्धा यायचा नाही हो."

बाई पुन्हा त्या घरी गेल्या. बादलीत माझी भावंडे अजून खात होती. काही भिंतीच्या कडेने निघाली होती, गादीच्याच दिशेने. मी आजीकडून निघालेच नव्हते. बादलीतून आले होते. आजीच्या अंगावरून उचलल्या होत्या त्या हिरव्या माशीच्या लहान अळ्या; ही माशी मृत्यूनंतर लगेच येते. त्यांचे वय मोजले, तेव्हा मुलीचे म्हणणे खरे ठरले.

मुलगी संशयातून सुटली. कुंड्या तिने घरी नेल्या. बऱ्याच वर्षांनी भाऊ एक रोप मागायला आला; तिने दिले, 'ये, बस' म्हणाली नाही. साहेब निवृत्त झाले. बाई म्हाताऱ्या होईपर्यंत शिकवत राहिल्या. मला दाखवून म्हणत, "हिची चूक नव्हती. आपण सगळं घर बघितलं नाही."

मित्रांनो, आम्ही चावत नाही, तुमच्या ताटावर बसत नाही. दिसलो तर मारू नका. आणि एखादे म्हातारे माणूस एकटे राहत असेल, तर त्याचे दार वाजवा. आम्ही उशिरा येतो. तुम्ही आमच्या आधी जा.