बाटलीवरचा वाल्मीक

धाकटीच्या बारशाला शेजारच्या मंगलाबाईंनी झबल्याबरोबर बाळकाढ्याची बाटली आणली. पाळण्याशी ठेवताना म्हणाल्या, "मुंबईचा काढा आहे हो. बघा तरी, कसं गुटगुटीत मूल छापलंय."

मी बघितलं. माझा वाल्मीक होता.

काळं झबलं आणि वर मी घरी केलेले हलव्याचे दागिने. मुकुटाची डावीकडची ओळ अर्धीच, कारण फोटोला बसवण्याआधी त्यानं ती चोखून टाकली होती. ती त्याची पहिली संक्रांत. दुसरी त्यानं पाहिली नाही, श्रावणात तापानं गेला. मंगलाबाई आळीत नव्या, त्यांना काय ठाऊक. मी बाटली पदराखाली घेतली आणि पाळणा म्हणत राहिले.

पाहुणे पांगल्यावर ह्यांना दाखवली. त्यांनी ती दिव्याशी नेऊन पाहिली. मग म्हणाले, "आपण फोटो ट्रंकेत घातला, आणि हा बाजारात बसलाय."

"मला त्यांचं काही नको," मी म्हटलं. "तो त्या बाटलीवरून निघायला हवा. आया त्याच्याकडे बघून काढा घेतात. आपलं मूल असं होईल म्हणून."

वकील ह्यांच्या ओळखीचे, गंगेपलीकडे राहायचे.

"चेहऱ्याला कायद्यात मालक नसतो, वहिनी," ते म्हणाले. "फोटोला असतो. ज्यानं सांगून, मोल देऊन काढवला, त्याचा तो. तुम्ही काय दिलंत?"

"काही नाही. फोटोवाले खलीलभाई घेईनातच. पहिल्या संक्रांतीचे पैसे नकोत म्हणाले."

"मग फोटोची काच त्यांची, हक्कही त्यांचा. कंपनीला दिला तर आपण काय बोलणार?"

"चांगुलपणा असा अंगाशी येतो," हे पुटपुटले.

मला ओशाळल्यासारखं झालं. "अगदीच रिकाम्या हातानं नव्हते आले. त्यांच्या घरातल्यांना वाण दिलं. सुगड आणि खण."

वकिलांनी टाक खाली ठेवला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"वाण ते. दिलेलं वाण कुणी बोलून दाखवतं का?"

"मोल म्हणजे नाणंच लागतं असं नाही. खणही चालेल. पण तो फोटोपायी घेतला, असं फोटोग्राफरनं म्हणायला हवं."

धाकटीला पोटाशी घेऊन खलीलभाईंच्या दुकानी गेलो. खलीलभाई पडद्याआडून हात पुसत आले. "या ताई, या. बच्चा केवढा झाला?"

मी बाटली पुढे ठेवली. त्यांचा चेहरा उजळला. "छापला का! कंपनीचा माणूस तंदुरुस्त मुलाचा फोटो मागत होता. माझ्याकडचा सगळ्यात चांगला दिला. म्हटलं तुम्ही खूश व्हाल."

"तो नाही आता, भाई."

गिऱ्हाइकाला बसवायच्या स्टुलावर ते स्वतःच बसले. ह्यांनी वकिलांचं म्हणणं सांगितलं.

"वाण म्हणून घेतलं होतं आम्ही," खलीलभाई हळूच म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

मी बाटली परत उचलली. तेवढ्यात आतल्या दारातून त्यांची बायको सितारा बोलली, "खोटं कशाला? तुम्ही पैसे नाकारलेत, तेव्हा भाभी मला म्हणाल्या, ते घेत नाहीत, तर फोटोचं म्हणून हे तरी घ्या. त्या खणाची चोळी माझ्या अंगात आहे."

खलीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खरंच तसं म्हटलं होतं. विसरले होते.

"मग मोलच झालं ते," ते म्हणाले.

"कंपनी तुमच्यावर उलटेल," हे म्हणाले.

"उलटू दे." आणि त्यांनी कागद मागितला.

वकिलांची नोटीस गेली. कंपनीनं कोर्टाची वाट धरली नाही. नव्या बाटल्यांवर चितारलेलं बाळ आलं, कुणाचंच नसलेलं. फोटोची काच खलीलभाईंनी कापसात गुंडाळून घरी आणून दिली. मी ती उजेडाकडे धरली. काचेत सगळं उलटं उमटतं. हलवा काळा दिसला, माझ्या बाळाचं तोंडही काळं. ट्रंकेत ठेवली.

मला हवं होतं ते झालं. आता बाजारात गेले की दुकानांच्या फळ्यांकडे नजर जाते. सगळीकडे ते चितारलेलं बाळ.

काल भद्रकालीच्या बाजारात एका दुकानी मागच्या रांगेत अर्धा मुकुट दिसला. मी बोट दाखवलं.

"ती जुनी हो, धूळ बसलीय," दुकानदार म्हणाला. "थांबा, ताजी देतो."

"नको," मी म्हटलं. "हीच द्या."