सगळ्यांची नक्षी

फिदेलिया सुनुक अंगणात विणायला बसली होती. मागाचं एक टोक झाडाला, दुसरं कमरेला. चुलीवर घेवडा शिजत होता आणि लेक रेबेका धुसफुसत मक्याच्या भाकऱ्या थापत होती. काल बाजारात पोलिसांनी फिदेलियाने विणलेली सहा पोलकी 'नकली' म्हणून उचलून नेली होती.

नकली! त्यांवरचे दुतोंडी पक्षी याच गावचे. आजीने आईला शिकवले, आईने लेकीला. पण गेल्या वर्षी नगरपालिकेचा कारकून अबुंदियो कागद घेऊन आला आणि त्याने विचारलं, ही नक्षी कुणाची? फिदेलिया हसून म्हणाली, "कुणा एकीची कशी असेल? सगळ्यांची." या गावात दुसरं उत्तरच नाही, नक्षीवर मालकी सांगणारीला लोक वेड्यात काढतील. त्याने तेच कागदावर लिहिलं, तिने खाली सही केली, तिचं पाहून चाळीस जणींनी केली. राजधानीत त्याचा अर्थ झाला, मालक कुणीच नाही. मग काय, आयत्या बिळावर नागोबा! एका परदेशी कापड कंपनीने ती नक्षी आपल्या नावावर नोंदवून घेतली.

आज अबुंदियो पुन्हा दारात उभा होता.

"मावशी, कंपनी इथे कारखाना काढतेय. तीनशे बायांना काम. रेबेकाचं नाव मी पहिलं घातलंय. फक्त नक्षीवर गावाचा हक्क नाही, एवढं लिहून द्या. गाव उद्या दावा लावेल अशी त्यांना भीती आहे, त्याशिवाय ते पैसा गुंतवणार नाहीत."

"मग मी विणू नको?"

"घरात घालायला विणा की! विकायचं नाही."

"वा रे वा! चोर तो चोर, वर शिरजोर!"

"तुम्ही सही केलीत की बाकीच्या करतात. गेल्या वेळी नाही का केल्या?"

ते तिच्या जिव्हारी लागलं. गावाचा घात आपल्या हातून झाला, हे तिला वर्षभर खात होतं.

"तुम्ही विचारलंत, मी खरं सांगितलं. सगळ्यांचं म्हणजे बेवारस, हे तुम्ही ठरवलंत. नाही करणार सही."

"कारखाना दुसऱ्या गावात गेला, तर बाया तुम्हाला शिव्या घालतील."

"घालू देत."

रेबेकाने पिठाचा गोळा आपटला. "आणि माझी नोकरी गं, आई?"

"गेली, पोरी," फिदेलिया म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

गुरुवारच्या बाजारात तिने चौकात एकटीनेच चटई अंथरली, पोलकी मांडली. तिच्या नकाराची बातमी गावभर झाली होती. बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या. काहींनी तोंड फिरवलं. रेबेका आलीच नाही. पोलीस चौक ओलांडून येऊ लागला, तरी फिदेलियाने काही आवरलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसायचं की दारातूनच बघायचं, एवढंच आता इतरांनी ठरवायचं होतं.