चोरून थापलेली भाकरी

डॉक्टरांनी मला तीन महिने दिले. तेवढ्यात पथ्याने साखर आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर जन्मभराच्या गोळ्या. गोळ्यांची मला भीती नव्हती. भीती होती ती वडिलांच्या आठवणीची. नेपानगरच्या कागद मिलमधला धडधाकट माणूस, साखरेने आधी पाय गेला आणि वर्षभरात ते स्वतः गेले.

म्हणून आहारवाल्या बाईंनी दिलेला तक्ता मी पोथीसारखा जपला. ओट्स, बदाम, ऑलिव्हचं तेल, किन्वा नावाचं परदेशी धान्य. किन्वा आमच्या बुऱ्हाणपुरात मिळतो हेच मला ठाऊक नव्हतं. शनवारा भागातल्या दुकानदाराने तो दागिना काढावा तसा काचेच्या कपाटातून काढून दिला. मी स्वतः कापडाच्या दुकानात सेल्समन, पण भाव ऐकून घासाघीस करायचंही सुचलं नाही.

दोन आठवड्यांत वजन दीड किलो उतरलं. मग काय, भेटेल त्याला मी आहारावर व्याख्यान झोडू लागलो. एका दुपारी दुकान लवकर बंद झालं म्हणून अचानक घरी आलो. बायको सोनाली आणि मुलगी अमृता जेवत होत्या. ताटात भात आणि पाण्यासारखं वरण. भाजी फक्त माझ्या डब्यात गेली होती. अमृताचं दूधही आठवड्यापूर्वीच बंद झालं होतं, हे तेव्हा कळलं.

मी चिडलो. मला सांगितलं का नाही म्हणून आवाज चढवला. सोनाली शांतपणे म्हणाली, "तुमच्या एकट्याचंच सामान एवढ्या पैशांचं येतं. तुमचा पाय महत्त्वाचा की आमची भाजी? निभतंय ना."

मी हात धुवायला गेलो आणि मोरीपाशीच उभा राहिलो. एका घरातली ही अशी दोन ताटं मी लहानपणी पाहिली होती.

वडील मिलमध्ये पर्मनंट झाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, आता आपल्या घरात भाकरी होणार नाही, गव्हाची पोळीच होणार. कॉलनीत भाकरी म्हणजे गावंढळपणा. त्यांच्या ताटात दोन्ही वेळा तूप-साखर लावलेली पोळी असायची. पण तेवढा गहू सगळ्यांना पुरायचा नाही. मग आई तिच्या माहेराहून, निंबोल्याहून, ज्वारी आणि उडीद आणायची, मीठ घालून त्यांचं पीठ, म्हणजे कळणा, दळायची. वडील शिफ्टला गेले की दार लावून भाकरी थापायची, तीही हलक्या हाताने, शेजारणीला आवाज जाऊ नये म्हणून.

मी तिथेच चुलीशी बसायचो. गरम पापुद्रा, त्यावर शेंगदाण्याचं तेल आणि लाल मिरचीचा ठेचा. मिलचा उग्र वास खिडकीतून यायचा, पण मला आठवतो तो भाजलेल्या उडदाचाच. नाक गळायचं, जीभ भाजायची आणि आई हसायची. त्या स्वयंपाकघरात मी जेवढा सुखी होतो तेवढा पुढे फारसा कुठे झालो नाही. दार का लावलंय हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

आई आता ऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. साखर नाही, काही नाही. मी तिच्या खाटेशी बसून म्हटलं, कळणा दळून आणतो, आजपासून घरात एकच स्वयंपाक. आहारवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, चालेल की, पण दोनच भाकऱ्या आणि सोबत भरपूर भाजी. महिन्याचा कळणा किन्व्याच्या एका पाकिटापेक्षा स्वस्त पडला. उरलेल्या पैशांत भाजी आली आणि अमृताचं दूध पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी आईने स्वतः भाकऱ्या थापल्या. हाताला पूर्वीची सवय राहिली नव्हती, दोन कडेला फाटल्या. पहिली माझ्या ताटात आली, मग सोनालीच्या, मग अमृताच्या. अमृता ठेच्याने हाय हाय करत होती आणि तरी मागत होती. मी आईला म्हटलं, आता तूही जेवायला बस.

ती उठली नाही. तव्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या बापाले मी रोज पोळी-साखर वाढली. आन् मी ही भाकर चोरून खाल्ली. एक डाव तरी म्हनायला पायजे होतं, की तुम्ही बी खा."

घास तोंडातच राहिला आणि मला रडू आलं.