दमबाबाचं मेण

टक्.

दम्याच्या पंपाचं टोपण उघडलं आणि दुपारची शांतता मोडली. मुंगी माझ्या मांडीवर बसली होती. तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा, डोळे माझ्यावर रोखलेले, छातीत बारीक शिट्टी. मुंगी म्हणजे माझी थोरली. फट दिसली की आत शिरते, म्हणून हे नाव. मी पंप दाबला, तिनं श्वास ओढून धरला, आणि आम्ही दोघी मनातल्या मनात आकडे मोजायला लागलो. तेवढ्यात मागच्या वखारीतून आरोळी उठली.

“सुटला! सुटला! श्वास सुटला!”

आमचं मोजणं चुकलं. मुंगीला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

आमची लाकडाची वखार घराला लागूनच आहे. वादळानं अर्ध्या गावातली झाडं आडवी केली होती आणि ती कापायचं काम नवऱ्याकडे आलं होतं. नेमका तोच मुहूर्त साधून त्याच्या साखळीच्या करवतीनं संप पुकारला. या करवतीला घरात सगळे नुसतं ‘मशीन’ म्हणतात. सकाळपासून तो तिची दोरी ओढत होता. आधी प्रेमानं, मग रागानं, शेवटी करवत बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलून साफ केला. त्याचे स्क्रू इकडे पिळले, तिकडे पिळले. मशीन एकदा खोकायचं आणि मान टाकायचं.

म्हणून किराणावाल्यानं दमबाबाला बोलावून आणलं होतं.

हा गृहस्थ चौकातल्या एका रिकाम्या गाळ्यात नुकताच येऊन बसला होता. बंद पडलेली यंत्रं चालू करणं ही त्याची सिद्धी. तो कोणत्याच देवाचं नाव घेत नसे, त्यामुळे सगळ्याच देवांची माणसं त्याच्याकडे जात. त्याचा सगळा कारभार श्वासाशी.

“मशीनमध्ये दम नाही, असं तुम्ही म्हणता,” त्यानं आल्याआल्या सुरुवात केली होती. “मी म्हणतो, दम आहे! पण दुसऱ्याचा! शेवटचं झाड कोणतं कापलंत?”

“शाळेमागचं. जुनं होतं,” नवरा म्हणाला.

“त्याचा शेवटचा श्वास कुठे गेला? वर गेला? खाली गेला?”

जमलेल्या लोकांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

“पात्यावरून आत गेला! हे बघा,” त्यानं कार्बोरेटरवर बोट ठेवलं, “हे मशीनचं फुप्फुस. इथं ठाण मांडून बसलाय.”

“आणि माझं शिलाई मशीन बंद पडतं, ते?” समोरच्या टेलरनं विचारलं. “मी तर आयुष्यात झाड कापलं नाही.”

“कापूस कुठून येतो रे?” बाबा गरजला. टेलर ओशाळला. गर्दी खूश झाली.

मग मशीन सावलीत ठेवून त्यावर शाल घालण्यात आली. कुणी हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. बाबानं डोळे मिटून जप सुरू केला. तो इतका लांबला, की माझी सगळी भांडी घासून झाली आणि झोपलेलं धाकटं बाळ उठून पुन्हा झोपलं. शेवटी त्यानं शाल काढली, चोकची कळ आत ढकलली, वेग वाढवायचा घोडा पूर्ण दाबून धरला आणि दोरीला हिसके दिले. मशीन खोकलं, थुंकलं आणि पांढऱ्या धुराचा मोठा लोट सोडून गर्जायला लागलं.

लोकांना धुरात झाडाचा श्वास दिसला. काहींना तर फांद्यासुद्धा दिसल्या.

जाण्यापूर्वी बाबानं पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मेणाचा ठिपका दाबून बसवला. “हे बंधन. श्वास पुन्हा शिरू नये म्हणून. आणि झाकण माझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून नवीनच तऱ्हा सुरू झाली. मशीन चालू व्हायचं, थोडी लाकडं कापायचं, मग त्याचा आवाज घोगरा व्हायचा आणि ते बंद पडायचं. बाबाला बोलावणं जायचं. पोरंटोरं धावायची, म्हातारे काठ्या टेकत यायचे. बाबा सगळ्यांना गप्प करायचा, दोन बोटांनी झाकण सैल करायचा आणि भर गर्दीत स्पष्ट ऐकू यायचं, “स्स्स्स्.”

“सुटला!” लोक ओरडायचे.

अंगावर काटा माझ्याही आला, खोटं कशाला बोलू? त्यानंतर मशीन लगेच चालू व्हायचं. बाबा मेणाचा ठिपका नीट दाबून निघून जायचा. परत बंद पडलं, की परत बोलावणं.

माझ्या सासूबाई काही भोळ्या नाहीत. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा त्या लांबूनच पकडतात. पण मुंगीची छाती वाजायला लागली, की त्यांचं सगळं शहाणपण पातळ होतं. तिला पाठीशी उशा लावून बसवायचं, तिचे पाय चोळायचे, हे सगळं त्याच करतात. म्हणून एका सकाळी त्या बोलल्या, तेव्हा मला रागावतासुद्धा येईना.

“लोखंडाचा श्वास सोडवतो तो माणूस. ही तर माझी नात आहे, हाडामांसाची.”

“आई, डॉक्टरांनी सांगितलंय, पंप एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.”

“कधीपासून सांगतायत डॉक्टर? गेली का शिट्टी?”

शिट्टी गेली नव्हती. पण पूर्वी मुंगीचे ओठ निळे पडायचे, दवाखान्यात पळावं लागायचं, ते थांबलं होतं. जे होत नाही ते कुणाला दाखवता येत नाही.

सासूबाईंचा निरोप जाताच बाबा आला. त्यानं मुंगीकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. “पंप बंद करा. बाहेरची हवा आत कोंबत राहिलात तर आतली सुटणार कशी? रविवारी सगळ्यांदेखत दम सोडवतो. गळ्यावर मेणाचं बंधन घालतो. पंप मग माझ्या ताब्यात.”

“एकदा बघू या ना,” खोलीत आल्यावर नवरा म्हणाला. “आईचं समाधान.”

“आणि मध्येच तिला धाप लागली तर? समाधान नाकाला लावू?”

“अगं, चिडतेस कशाला?”

“चिडले नाहीये रे. घाबरलेय.”

तो सदऱ्यावरचा भुसा झटकायला लागला. मशीनवर घर चालतं, आणि मशीन त्या माणसाच्या हातून चालत होतं. नवऱ्याचंही कुठे काय चुकलं?

मी पंप कमरेला खोचला आणि घरभर तसाच घेऊन फिरायला लागले.

शनिवारी दुपारी सासूबाई खाटेवर लवंडल्या होत्या. मी शेजारी बसून बाळाला बाटलीनं दूध देत होते. आमचं बाळ म्हणजे हावरटपणाचा नमुना. ओढता ओढता बाटलीचं रबरी बूच आत बसून चपटं झालं. दूध येईना. बाळानं भोकाड पसरलं. हे नेहमीचंच आहे. बाटलीचं कडं मी फार घट्ट पिळलं, की आत हवा जायला वाट राहत नाही, बाळ दूध ओढतं, आत पोकळी होते, आणि बूच मिटतं. मी कडं जरा सैल केलं.

“स्स्स्स्.”

सासूबाई ताडकन उठून बसल्या. “सुटला! श्वास सुटला!”

“कुणाचा, आई?”

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. वखार बंद होती. बाबा नव्हता. बाळ मजेत दूध पीत होतं. आम्ही दोघींनी एकाच वेळी बाटलीकडे पाहिलं.

मी कडं पुन्हा घट्ट केलं. बाळ ओढायला लागलं, बूच मिटलं, बाळ चिडलं. सैल केलं. स्स्स्स्. पुन्हा दूध सुरू.

“बाटलीचं वेगळं, मशीनचं वेगळं,” सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, “टाकीतलं पेट्रोल संपत जातं, तेव्हा त्याच्या जागी हवा कुठून येते?”

“झाकणाला बारीक भोक असतं ना, सुईच्या टोकाएवढं. तिथून…” तो बोलता बोलता थांबला. मग हळूच म्हणाला, “मेण तिथेच लावलंय.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. “उद्या बाबांच्या समोर बघू,” त्या मला म्हणाल्या. “मेण काढूनही मशीन बंद पडलं, तर पंप मी माझ्या हातानं त्यांना देणार. कबूल?”

“कबूल,” मी म्हणाले.

रविवारी वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक ओंडक्यांवर चढून बसले होते. मुंगीला नवा फ्रॉक घातला होता. बाबानं मेणाची डबी उघडली.

“आधी मशीन, मग मुलगी,” मी म्हणाले.

“हरकत नाही, ताई. श्रद्धेला पुरावा मी रोजच देतो.”

नवऱ्यानं टाचणीनं झाकणावरचं मेण कोरायला सुरुवात केली तसा बाबा उसळला. “बंधन तोडू नका! तो परत शिरेल!”

“शिरू दे,” सासूबाई म्हणाल्या. “मला बघायचंय.”

मशीन चालू झालं. नवऱ्यानं सगळ्यात जाड ओंडका घेतला. भुसा उडायला लागला. रोज ज्या सुमाराला मशीन घोगरं व्हायचं, ती वेळ जवळ आली. माझा हात कमरेच्या पंपावर घट्ट होता. मशीनचा सूर जरासा खाली आला. पण ती फक्त लाकडातली गाठ होती. गाठ कापली गेली, सूर पुन्हा चढला, ओंडका दुभंगला. त्यानं दुसरा घेतला. मग तिसरा.

“बंद का पडत नाही?” किराणावाला कुजबुजला. इतक्या निराशेनं मशीनच्या तब्येतीची चौकशी कुणी केली नसेल.

“माझ्या आधीच्या बंधनाचा हा परिणाम!” बाबा म्हणाला.

“मग पुन्हा घालू की,” मी म्हणाले. त्याच्याच डबीतलं मेण घेऊन मी ते भोक बुजवलं. मंत्र नाही, जप नाही. उलट कडेवर बाळ होतं आणि ते माझे केस ओढत होतं. मशीन पुन्हा चालू झालं, थोडा वेळ कापलं, घोगरं झालं आणि बंद पडलं. नवऱ्यानं झाकण सैल केलं.

“स्स्स्स्.”

कुणीही ‘सुटला’ म्हणालं नाही.

मग मी बाळाच्या तोंडाला घट्ट कड्याची बाटली दिली. जरा वेळानं कडं सैल केलं. तोच आवाज, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“बाबा,” टेलर उभा राहिला. कापसाचा हिशेब त्याच्या मनातून गेला नव्हता. “या बाटलीनं कोणतं झाड कापलं होतं?”

हशाच हशा. नवरा मात्र हसला नाही. तो लोकांना म्हणाला, “आवाज आत शिरणाऱ्या हवेचा आहे, बाहेर सुटणाऱ्या श्वासाचा नाही. भोक बुजलं, हवा जाईना, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचेना. एवढंच. आणि पहिल्या दिवशी तर भूत मीच होतो. हवा अडवणारा चोक ओढून ठेवला आणि दोरी ओढत बसलो. आत पेट्रोल साचलं, प्लग भिजला. भिजल्या प्लगवर ठिणगी धरेना. यांनी शालीखाली नुसतं ठेवून दिलं, जादा पेट्रोल उडून गेलं, उरलेलं पांढरा धूर होऊन निघालं. दम सोडवायचा नव्हताच. दम धरायचा होता.”

“म्हणजे तो जप नव्हता,” टेलर म्हणाला, “घड्याळ होतं!”

बाबानं शाल झटकली. “जिथे विश्वास नाही तिथे मी श्वास घेत नाही,” असं म्हणून तो निघाला. वाक्य चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. मेणाची डबी मात्र विसरला नाही. पूर्वी तो कुठल्याशा दुरुस्तीच्या दुकानात होता म्हणे. असेल. मला त्याच्या अकलेचं वाईट वाटतं. टाकीचं झाकण ज्याला इतकं कळतं, त्यानं सरळ दुकान थाटलं असतं तर आम्हीच पहिले गिऱ्हाईक झालो असतो.

हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी. मशीनच्या बाबतीत फसलो तर मशीन बंद पडतं; मग दुसरं आणता येतं. लेकराचा श्वास दुसरा मिळत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी झाकण उलटं करून बघा. एकदा त्याच्याशिवाय करून बघा, एकदा आपल्या हातानं करून बघा. आणि जो औषध बंद करायला सांगतो, त्याला आधी दार दाखवा, वाद मग घाला.

गर्दी पांगली. घरात आल्यावर सासूबाईंनी माझ्यापुढे हात केला. मी कमरेचा पंप काढून त्यांच्या हातात दिला.

“किती वेळा दाबायचा हा?” त्यांनी विचारलं. “मला शिकव. तू बाळाच्या मागे असतेस.”

मी दाखवलं. मुंगीनं शहाण्यासारखा श्वास ओढला, धरला, सोडला. आजीनं तिच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“आई,” मुंगी म्हणाली, “मशीनचं भोक मेणानं बुजलं होतं ना?”

“हो.”

“आणि माझी नळी आतून सुजते, म्हणून शिट्टी वाजते. डॉक्टरकाकांनी चित्र काढून दाखवलं.”

“बरोबर.”

तिनं पाळण्यातल्या बाळाकडे पाहिलं. ते तोंड उघडं टाकून, बिनआवाज, खुशाल श्वास घेत होतं.

“त्याची नाही सुजत. शाळेत माझ्या बाकावरच्या मुलीची पण नाही सुजत. मग माझीच का, आई?”