शिवून बंद केलेलं जनावर

"खाली बसा! कोणी जवळ यायचं नाही!" भगव्या कफनीतला बाबा गरजला आणि बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात गावची दोनशे माणसं मटकन खाली बसली. मधोमध फरशीवर ते जनावर कुशीवर पडलं होतं. नऊ फूट लांब, हिरवंगार, डोक्यावर काटे. बाबाने बोट रोखलं, "डोळे उघड!" आणि जनावराचे डोळे लालभडक पेटले. आतून घुमल्यासारखा आवाज आला. एका बाईने किंचाळून शेजारणीचा दंड धरला.

ते जनावर मी शिवलं होतं. सिनेमा अगदी स्वस्तातला. पाच माणसं कारखान्यात अडकतात आणि तळघरातून हे निघतं, एवढीच गोष्ट. गादीचा फोम, टायरचं रबर, आणि आत माझे जावई. अंगाने काडी, म्हणून त्यांची निवड झाली. चेन कॅमेऱ्यात दिसते, म्हणून रोज मी त्यांना आत घालून पाठ दाभणाने शिवून टाकायची. जावयाला असा मान दुसऱ्या कुठल्या सासूने दिला नसेल! आतलं बोलणं बाहेर नुसतं गुरगुरल्यासारखं यायचं, म्हणून आमची खूण ठरली होती. टाच तीनदा आपटली की उसवायचं.

त्या दुपारी मी त्यांना आत शिवून, पंखा चालू करून जेवायला गेले. परत आले, तर हा तमाशा. निर्माता एका हाताने मोबाइलवर सगळं टिपत होता. दुसरा हात खिशात.

"मावशी, जनावराच्या अंगात आलंय!" आमचा रंगारी माझ्या मागे लपत म्हणाला. "इथे मेलेल्या कामगाराचा आत्मा आहे म्हणे."

"कामगार असता तर थकलेला पगार मागायला आला असता. जनावर कशाला होईल?"

"शूऽऽ!" चारजण माझ्यावर खेकसले.

बाबाची टकळी चालूच. "सात जन्मांचा भुकेला आहे हा! माझ्या शब्दाबाहेर नाही. मिट डोळे!" डोळे विझले. "उघड!" लागले, पण फिके. "बघा, जोर उतरतोय त्याचा!" लोकांनी भराभर हात जोडले.

डोळ्यांतले दिवे आणि आतला वाऱ्याचा पंखा एकाच बॅटरीवर चालायचे. दुसरी बॅटरी घ्यायला निर्मात्याने साफ नकार दिला होता. डोळे मंदावले, म्हणजे पंखा थांबला. तेवढ्यात टाच आपटली. धप्. धप्. धप्.

"तडफडतोय! तडफडतोय!" बाबा खूश.

मी कात्री घेऊन पुढे झाले.

"म्हातारे, मागे हो! कात्री लावलीस तर तुझी लेक विधवा होईल!"

"नाही लावली तर आत्ताच होईल. सरका."

"मावशी, दोनच मिनिटं," निर्माता कुजबुजला, "लोक बघतायत..."

"बघू देत. झाकून ठेवण्यासारखं मी काही करत नाहीये."

दोघांनी मला धरलं. मी हात झटकला आणि पाठीत कात्री घातली. टाके तटातट तुटले. आतून गरम वाफ आली, मग जावयांचं तोंड दिसलं. पांढरंफटक, ओठ निळे. रंगाऱ्याने पाणी मारलं, मी पुठ्ठ्याने वारा घातला. एकदाचा त्यांनी मोठा श्वास ओढला.

"सासूबाई... कितीदा टाच आपटली..."

"ऐकलं. आता गप पडा."

पण ते निर्मात्याकडे बोट दाखवून बोललेच. "पाच मिनिटं घुमा म्हणाले. सिनेमात खरं भूत शिरलं असं पसरलं की गर्दी होईल म्हणाले. अर्धा तास झाला!"

मी निर्मात्याचा खिशातला हात ओढून बाहेर काढला. मुठीत दिव्यांचं बिनतारी बटण. ते मी त्या किंचाळलेल्या बाईला दिलं. "तुम्हीच दाबा, बाई." तिने दाबलं. रिकाम्या मुंडक्यात डोळे मिणमिणले. तिने पुन्हा दाबलं आणि बाबाकडे रोखून पाहिलं.

"माझ्या मंत्रानेच वाचला तो!" बाबा ओरडला.

"छान! मग आता तुम्ही आत बसा. पाठ मी शिवते, पंखा बंद. मंत्र म्हणत राहा." मी दाभणात दोरा ओवायला घेतला. बाबाला एकाएकी दुसऱ्या गावचे भक्त आठवले.

जाता जाता एकजण मला म्हणाला, "तरी साधूपुरुषाला दुखवायला नको होतं." त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तिथे दोनशे माणसांचे हात जोडलेले होते, टाके उसवायला एकही मोकळा नव्हता. जो जवळ येऊ देत नाही, आधी त्याच्याच जवळ जा. शिवण उलटून बघा, खिसे बघा, विचारा. शापाला भिऊ नका. मला तो देऊन सहा वर्षं झाली. जावई ठणठणीत आहेत, फक्त घोरतात फार. लेक कुरकुरते. मी म्हणते, घोरू दे गं, श्वास चालू आहे.