रंगाखाली लिहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक भिंत आहे. वय शंभरीच्या पुढे गेलं आहे आणि एरवी मी शांत असते. पण सध्या माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला जरा चढ्या आवाजात ऐकावी लागेल.

माझा जन्म अलाबामातल्या एका लहानशा विद्यापीठात झाला. काळ्या लोकांनी आपल्या मुलांसाठी काढलेलं विद्यापीठ. गाठीला पैसा नव्हता, म्हणून विद्यार्थ्यांनीच ओढ्याकाठची लाल माती मळली, विटा पाडल्या, भट्टी लावली. सकाळी व्याकरण आणि दुपारी विटा. माझ्या एका विटेवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा अजून तसाच आहे. पन्नास वर्षं मी धुलाईघराची भिंत होते. वाफेनं माझा गिलावा सारखा फुगायचा. पुढे धुलाईघर दुसरीकडे गेलं, खोली रिकामी पडली आणि चित्रकला शिकवणाऱ्या रॅन्डलबाईंनी ती मागून घेतली.

"मोठी संग्रहालयं आपल्या माणसांची चित्रं लावत नाहीत ना? नका लावू म्हणावं. आपण लावू!" असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मला स्वतःच्या हातानं पांढरा रंग दिला. अशी मी कलादालनाची भिंत झाले.

काय काय टांगलं गेलं माझ्या अंगावर! जुन्या विजारींच्या गोधड्या, न्हाव्याच्या दुकानातले फोटो, बाटल्यांच्या बुचांची केलेली भलीमोठी पाखरं. रॅन्डलबाईंच्या दोन सवयी होत्या, त्या नीट ध्यानात ठेवा. एक म्हणजे प्रदर्शन उतरलं की खिळा काढून भोक बुजवायचं, आणि नवा रंग देण्याआधी त्या भोकाशेजारी पेन्सिलीनं चित्रकाराचं नाव आणि साल लिहायचं. "वरून रंग बसला तरी भिंतीला ठाऊक असलं पाहिजे," असं त्या म्हणत. दुसरी सवय म्हणजे चित्रं इतर ठिकाणांपेक्षा वीतभर खाली लावायची. त्याचं कारण क्वीनी. क्वीनी ही विद्यापीठाच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीण, उंची जेमतेम साडेचार फूट. दुपारचं वाढप आटोपलं की एप्रनला हात पुसत ती दालनात यायची आणि प्रत्येक चित्रापुढे ठाण मांडून उभी राहायची.

"बाई, हा माणूस जेवलेला नाही. ज्यानं काढलाय त्याला विचारा," असं काहीतरी ती बोलायची. रॅन्डलबाई तिचं मत वहीत टिपून घेत. चित्र क्वीनीच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे, मग बाकीच्यांनी खुशाल मान वाकवावी, हा त्यांचा नियमच होता.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली अर्झेला मीक्स आली. ही शाळेची बस चालवायची आणि छपराच्या जुन्या पत्र्यांवर घराच्या उरलेल्या रंगानं माणसं रंगवायची. दुसरी खिडकी आणि दार यांच्यामध्ये तिचे अकरा पत्रे लागले. रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव टोप्या घालून आलं. तळलेले मासे होते, लिंबाचं सरबत होतं. अर्झेला मात्र सगळा वेळ हातातल्या बसच्या किल्लीशी चाळा करत कोपऱ्यात उभी होती. लोकांसमोर लागलेली तिची ती पहिलीच चित्रं.

पुढे रॅन्डलबाई निवृत्त झाल्या, मग वारल्या. क्वीनीही गेली. तळघरात पाणी शिरलं आणि सगळी कागदपत्रं, क्वीनीच्या मतांची वहीसुद्धा, लगदा होऊन बाहेर आली. नवे लोक चित्रं सगळीकडे लावतात तशी उंच लावू लागले. नाव लिहायची रीत तेवढी दालन सांभाळणाऱ्या क्लिओफसनं जपली. तो रॅन्डलबाईंच्या नंतर लागला. गेली तीस-बत्तीस वर्षं तोच मला रंग देतो आहे.

आता रागाची गोष्ट. उत्तरेकडच्या एका मोठ्या संग्रहालयानं अर्झेलाचे पत्रे टांगले. आनंदाचीच बातमी, नाही का? पण शेजारी पाटी कसली लावली माहीत आहे? 'एका संग्राहकानं शोधून काढलेली अज्ञात चित्रकार. ही चित्रं लोकांसमोर प्रथमच येत आहेत.' शोधून काढलेली म्हणे! ती काय जमिनीत पुरलेली होती?

एक्क्याऐंशी वर्षांच्या अर्झेलानं त्यांना फोन करून विचारलं, "मी हरवले कधी होते? मी चाळीस वर्षं त्याच घरात राहतेय. अख्ख्या गावाची पोरं शाळेत पोचवली मी. आणि माझी चित्रं पहिल्यांदा रॅन्डलबाईंनी लावली. त्यांचं नाव घाला." पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं की काहीतरी पुरावा लागेल, आठवणीवर पाटी बदलता येत नाही.

ही बातमी क्लिओफसच्या कानावर गेली. तो म्हणाला, "मिस अर्झेला, पुरावा भिंतीत आहे. पाठवून द्या म्हणावं कुणालातरी."

आणि खरंच त्या संग्रहालयातून एक जण आला. हॅडली त्याचं नाव. करडा कोट, पायांत महागडे बूट. अर्झेला गुडघ्यांनी अधू झालेली, ती खुर्चीत बसली. क्लिओफसनं दुसरी खिडकी आणि दार यांच्यामध्ये माप घेतलं, ओलं फडकं आणि पातं घेऊन मला खरवडायला सुरुवात केली. थरामागून थर निघाले. नावं दिसू लागली, पण सगळी अलीकडची, त्याच्याच हातची. तासभर झाला. पाच जागा खरवडून झाल्या. अर्झेलाचं नाव काही नाही.

हॅडलीनं घड्याळ पाहिलं. "मॅडम, इतक्या वर्षांनी गल्लत होऊ शकते. दुसरं एखादं दालन असेल."

"मला माझं लग्न कुठं झालं तेही विचारा आता!" अर्झेला कडाडली.

मी आतल्या आत ओरडत होते. अरे क्लिओफस, खाली! खाली बघ, बाबा! तू आपल्या मापानं शोधतो आहेस! पण भिंतीचं कोण ऐकतं? तो पातं पुसून डबीत ठेवायला निघाला. तेवढ्यात खुर्चीतली अर्झेला माझ्याकडे टक लावून बघू लागली. बसल्यावर तिचे डोळे बरोबर तिथं आले होते.

"थांब रे पोरा," ती साठीच्या क्लिओफसला म्हणाली. "क्वीनीची उंची केवढी होती?"

"कोण क्वीनी?"

"अगं बाई, तू तिला पाहिलंच नाहीस की! रॅन्डलबाई सगळं तिच्यासाठी खाली लावायच्या. वीतभर खाली खरवड, माझ्या राजा!"

तो गुडघ्यांवर बसला. चार थर निघाले, सहा निघाले. आणि रॅन्डलबाईंचं तिरकं अक्षर उजेडात आलं. 'अर्झेला मीक्स. १९८३.' त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'क्वीनी तीनदा येऊन गेली.'

अर्झेला रडली. क्लिओफसही रडला. मलाही रडू आलं, पण भिंतीच्या रडण्याला लोक ओल म्हणतात.

हॅडलीचा चेहरा मात्र उजळला. "विलक्षण! हा तुकडा कापून आम्ही नेऊ. काचेत ठेवू. खर्च सगळा आमचा."

मित्रांनो, माझ्या विटा थरथरल्या. अर्झेलानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे असं पाहिलं की बसमधलं कितीही द्वाड पोर गप्प झालं असतं.

"पत्रे नेलेत, आता भिंतही नेता? ती इथंच राहील. ज्याला बघायची असेल त्यानं इथं यावं. आणि फोटो काढायचा असेल तर वाका. क्वीनीपुढे सगळेच वाकतात."

आणि तो वाकला. करड्या कोटासकट माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्यानं फोटो काढला.

दोन महिन्यांनी पाटी बदलल्याचं पत्र आलं. क्लिओफसनं ते माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं. रॅन्डलबाईंचं आणि आमच्या दालनाचं नाव आलं आहे, पण शेवटी, बारीक अक्षरात. 'शोधून काढलेली' हे शब्द वर तसेच आहेत. म्हणून माझा राग गेलेला नाही. अर्झेला त्यांना दर सोमवारी फोन करते.

नाव उघडं झालेल्या त्या खरवडलेल्या चौकोनावर क्लिओफस आता रंग देत नाही. या महिन्यात एका तरुण छायाचित्रकार मुलीचं प्रदर्शन आहे. तिनं तो चौकोन पाहिला आणि आपले सगळे फोटो वीतभर खाली लावून घेतले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या भिंतीला रंग देण्याआधी खाली कुणाचं नाव आहे का ते बघा. आणि कुणी छाती फुगवून म्हणालं की मी अमक्याला शोधून काढलं, तर त्याला तोंडावर विचारा, "अमका हरवला आहे, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"